तीन प्रस्ताव आणि एक शाळा : नवा उपक्रम निवडायचा कसा आणि वर्गात रुजवायचा कसा?

खडूफळा

नमस्कार. मी गेल्या जूनमध्ये पदोन्नतीने जिल्हा परिषदेच्या पहिली ते सातवीच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. पट १८४ आहे आणि माझ्यासह सात शिक्षक आहेत. त्यांपैकी एक बाई सध्या प्रसूती रजेवर असल्यामुळे तिसरीचा वर्ग कधी चौथीला जोडून तर कधी माझ्याकडे असतो. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांत माझ्यासमोर तीन प्रस्ताव आले आहेत आणि तिघांनाही दिवाळीच्या सुटीपूर्वी उत्तर हवे आहे.

पहिला प्रस्ताव एका स्वयंसेवी संस्थेचा आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेऐवजी वाचनाच्या स्तरानुसार गट करायचे आणि रोज एक तास त्यांच्याकडून वाचन करून घ्यायचे, असा त्यांचा कार्यक्रम असून त्यासाठी एक स्वयंसेवकही मिळणार आहे. दुसरा प्रस्ताव जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनीचा. ते तीस टॅब आणि एक मोठा स्मार्ट टीव्ही देऊ इच्छितात आणि त्याचे उद्घाटन मोठ्या थाटात व्हावे एवढीच त्यांची अपेक्षा आहे. तिसरी मागणी गावातूनच आली आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचे म्हणणे असे की, पाचवीपासून सेमी-इंग्रजी (म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून) सुरू केले नाही तर तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी पुढच्या वर्षी आणखी दहा मुले घेऊन जाईल.

तिन्हींना होकार देऊन मोकळे व्हावे असे एकदा मनात आले होते. परंतु गेल्या आठवड्यात पावसाचे पाणी शिरले म्हणून भांडारखोली उघडली, तेव्हा गणित पेटीचे दोन संच पट्टीसुद्धा न तोडलेल्या अवस्थेत सापडले, एका प्रोजेक्टरच्या खोक्यात पालीने अंडी घातलेली होती, आणि इंग्रजी संभाषणाच्या कुठल्याशा कार्यक्रमाच्या चाळीस पुस्तिका वाळवीने खाल्लेल्या होत्या. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांना मी ओळखतो. ते कामचुकार नव्हते. म्हणूनच भीती वाटते की, पाच वर्षांनी माझ्या जागी येणारा माणूस हीच खोली उघडेल आणि त्यात टॅबची भर पडलेली असेल.

माझे प्रश्न असे आहेत : यांतून निवड कशाच्या आधारे करावी? सहकारी शिक्षक, विशेषतः निवृत्तीला दोन-तीन वर्षे राहिलेले, मनापासून सोबत यावेत म्हणून काय करावे? आणि एखादी गोष्ट चालत नाही हे केव्हा मान्य करावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

माजी केंद्रप्रमुख

सर, तुम्ही भांडारखोलीपासून सुरुवात केलीत हे फार बरे झाले, कारण बहुतेक जण प्रस्तावाच्या माहितीपत्रकापासून सुरुवात करतात. मी नऊ वर्षे केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करत होतो, आणि माझ्या केंद्रातल्या बहुतेक शाळांत अशी एक खोली होती.

आपल्याकडे एखादी गोष्ट कशी पसरते आणि पसरताना तिचे काय होते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेले उदाहरण घेऊन सांगतो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा एक प्रशासकीय विभाग) शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी अनुभवातून स्वतः शिकावे अशा रीतीने, जे काम झाले, त्याची कीर्ती राज्यभर पसरली आणि ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाच्या २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानंतर तर शिक्षकांच्या गाड्याच्या गाड्या तिकडे भेटीसाठी जाऊ लागल्या. आमच्या तालुक्यातूनही दोन गाड्या गेल्या. पाहून आलेले शिक्षक खरोखर भारावलेले होते, त्यात खोटे काही नव्हते. पण परत आल्यावर पहिल्या महिन्यात काय झाले, तर लोकवर्गणी काढून फरशीवर रंगीत तक्ते, वर्तुळे, संख्यारेषा रंगवून घेतल्या गेल्या. रंगवणे सोपे होते आणि त्याचा फोटोही चांगला येत होता. तिथल्या शिक्षकांनी एकेका मुलाला काय येते आणि काय येत नाही याची बारकाईने नोंद ठेवून, आपापसांत बसून, चुकतमाकत जे बसवले होते, ते भेटीच्या दोन तासांत दिसण्यासारखे नव्हते. आमच्या एका शाळेत तर मुलांचे पाय लागून रंग जाऊ नये म्हणून त्या फरशीवर सतरंजी अंथरलेली मी पाहिली आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, प्रस्तावांची कागदपत्रे आठवडाभर बाजूला ठेवा आणि दुसरी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला तुम्ही स्वतः, एकेकट्याला समोर बसवून, वाचायला लावा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार कागद पुरतात आणि एका मुलाला चार-पाच मिनिटे लागतात. हे काम वर्गशिक्षकावर सोपवू नका. त्यांच्यावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. मुख्याध्यापकाने स्वतः ऐकलेले वाचन आणि तक्त्यात पाहिलेला आकडा यांत फार फरक असतो. एकदा सहावीतल्या एका मुलाने माझ्यासमोर ‘विहिरीजवळ’ हा शब्द ‘वि, ह, र’ असा अडखळत वाचला आणि पुढचे सगळे वाक्य चित्रावरून अंदाजाने म्हणून दाखवले. त्याच्या प्रगतिपत्रकात भाषेला ‘ब-१’ श्रेणी होती. त्या दिवसानंतर मी कुठल्याही उपक्रमाविषयी ‘यात याचे काय होईल’ असे त्या मुलाला डोळ्यांसमोर आणून विचारू लागलो.

दुसरे, नवे काही सुरू करण्याआधी बंद काय करणार ते ठरवा. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास, सहावी-सातवीला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन अपेक्षित आहे. त्यातून परिपाठ, पोषण आहार, सर्वेक्षणे, स्पर्धा आणि जयंत्या वजा जाता हातात किती उरतात ते तुम्ही जाणताच. रोजचा एक तास आकाशातून पडत नाही, तो कुठल्या तरी तासिकेतून निघतो. कोणत्या तासिकेतून, हे वेळापत्रकात लिहिले जात नाही तोवर उपक्रम सुरू झाला असे मी कधीच मानले नाही.

मधली सुट्टी

क्षमा असावी, परंतु ही चर्चा वाचताना मुख्याध्यापकाला निवडीचा अधिकार असतो असा समज होतो. माझ्या शाळेत जूनपासून वरून आलेल्या उपक्रमांची यादी मी वहीत लिहून ठेवली आहे आणि ती दुसऱ्या पानावर गेली आहे. सप्ताह, पंधरवडा, शपथ, निबंध, चित्रकला, वृक्षारोपण. प्रत्येकाची लिंक भरायची, प्रत्येकाचे पाच फोटो अपलोड करायचे, आणि संध्याकाळी सहापर्यंत माहिती गेली नाही तर मोबाइलवरच्या गटावर सर्वांसमक्ष शाळेचे नाव येते. संस्थेला किंवा कंपनीला नकार देणे एक वेळ सोपे, पण त्यांनी वरिष्ठांचे पत्र सोबत आणले असेल तर त्या पत्राला नकार कसा द्यायचा, ते कृपया कोणी सांगावे. चांगल्या गोष्टी मेल्या त्या बहुतेक या गर्दीत गुदमरून मेल्या.

तालुका समन्वयक (माजी)

मी सहा वर्षे एका संस्थेत तालुका समन्वयक होतो, म्हणजे खडूफळा सरांच्या दारात जे प्रस्ताव घेऊन येतात त्यांच्यापैकीच एक. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडे लिहितो.

स्तरानुसार गट करून शिकवण्याच्या पद्धतीची परिणामकारकता भारतातच अनेकदा नीट तपासली गेली आहे आणि त्या तपासण्यांत मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट अशी की, तीच पद्धत काही ठिकाणी चालली आणि काही ठिकाणी अजिबात चालली नाही. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच स्तरानुसार शिकवले तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. पण शाळा सुरू झाल्यावर त्याच राज्यात शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले, तेव्हा फरक पडला नाही, कारण रोजच्या वेळापत्रकात आणि अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत ती पद्धत वापरायला जागाच नव्हती. उत्तराखंडात स्वयंसेवक दिले गेले, तर शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गांवर शिक्षकांसारखे जुंपले आणि मूळ काम राहून गेले. सर, हे वाचताना तुमच्या तिसरीच्या रिकाम्या वर्गाचा विचार करा. संस्थेचा स्वयंसेवक आला की पहिल्याच आठवड्यात त्याला तिकडे पाठवण्याचा मोह तुम्हाला होणार. मी अशा किमान वीस शाळा पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या एकाही मुख्याध्यापकाला मी मनातून दोष देऊ शकलो नाही.

पुढे हरियाणात २०१२-१३ मध्ये हेच काम पुन्हा सरकारी शिक्षकांकरवी झाले, तेव्हा मात्र मुलांचे हिंदी वाचन सुधारले. तिथे रोजचा एक तास याच कामासाठी राखून ठेवला होता, त्या तासात मुले इयत्ता सोडून आपापल्या स्तराच्या गटात बसत होती, आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना त्या पद्धतीने शिकवून पाहिले होते. त्याच सुमारास त्याच राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही (एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलांच्या नोंदी ठेवत करायच्या मूल्यमापनाची) तपासणी झाली आणि त्याचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम आढळला नाही. नोंदी वाढल्या म्हणून शिकवणे बदलले असे झाले नाही. आपल्याकडेही ते मूल्यमापन २०१० पासून आहे, तेव्हा आपण सगळेच त्याविषयी जाणून आहोत.

आता संस्थेच्या माणसाला काय विचारायचे ते सांगतो. तुमचा स्वयंसेवक सोडून गेला तर पुढचा किती दिवसांत येतो? माझ्या शिक्षकांचे पहिले प्रशिक्षण झाल्यावर त्यांच्या वर्गात बसायला कोण येणार, किती वेळा येणार, आणि तो माणूस स्वतः मुलांना शिकवून दाखवेल का? कार्यक्रम बंद पडलेली एखादी शाळा मला दाखवाल का? या शेवटच्या प्रश्नाला आम्ही फार घाबरत असू. आमच्या वरिष्ठांना ‘या वर्षी इतक्या शाळांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा देणगीदारांना दाखवायचा असे, त्यामुळे शाळेने हो म्हटले की आमचे निम्मे काम झाल्यासारखे होई. ज्या मुख्याध्यापकांनी मला असे प्रश्न विचारून घाम फोडला, त्यांच्याच शाळांत काम टिकले. मधली सुट्टी सरांच्या मुद्द्याबद्दल एवढेच म्हणतो की, आम्ही सोबत आणत असू त्या पत्रात बहुधा ‘सहकार्य करावे’ असे असे. किती वर्गांत, केव्हापासून, किती वेळ, हे शाळेने ठरवायला त्यात जागा राहत असे आणि फार थोडे मुख्याध्यापक ती वापरत.

उंबरठा

मी शहरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. सेमी-इंग्रजीविषयी लिहिणे भाग आहे, कारण तो निर्णय मी एकदा चुकीच्या पद्धतीने घेतला होता.

पालकांचा रेटा होता, शेजारची तुकडी तुटत होती आणि संस्थाचालकांना उत्तर हवे होते. मी एप्रिलमध्ये ठरवले आणि जूनमध्ये आठवीची एक तुकडी सेमी केली. विज्ञानाच्या आमच्या बाई विषयात अतिशय पक्क्या. मराठीतून प्रकाशाचे परावर्तन शिकवताना आरसा घेऊन वर्गभर फिरणाऱ्या. त्याच बाई इंग्रजी पुस्तक हातात आल्यावर फळ्यावर व्याख्या लिहून मुलांकडून उतरवून घेऊ लागल्या. त्यांना भाषेची भीती वाटते हे त्या मला सांगू शकल्या नाहीत, कारण बैठकीत मी ‘कोणाला काही अडचण आहे का?’ असे विचारले होते आणि सर्वांसमोर असे विचारल्यावर कोण हात वर करणार? सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर त्या एकट्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, मुलांना माझे कळत नाही आणि मला त्यांचे.’ पुढच्या वर्षी आम्ही निर्णय मागे घेतला नाही, पण आधी वर्षभर त्यांना आणि गणिताच्या सरांना तयारीसाठी वेळ दिला. आठवड्यातून दोन तासिका मोकळ्या केल्या आणि त्या तासिका पर्यवेक्षकांनी व मी घेतल्या. दुसऱ्यांदा तुकडी बरी चालली.

तेव्हा ज्येष्ठ शिक्षकांना ‘सोबत आणण्या’विषयी मी असे सुचवेन की, त्यांच्या विरोधाकडे आधी माहिती म्हणून पाहा. निवृत्तीला आलेला शिक्षक ‘असले पुष्कळ पाहिले’ म्हणतो, तेव्हा त्याने खरेच पाहिलेले असते. त्याला एकट्याला चहाला बोलावून विचारा की मागचे तीन उपक्रम कोणत्या महिन्यात आणि कशामुळे थांबले. मला अशा एका सरांनी न अडखळता सांगितले होते : पहिला निवडणुकीच्या कामात, दुसरा प्रशिक्षण घेतलेल्या बाईंच्या बदलीत, आणि तिसरा ‘तुमच्या आधीच्या बाईंनी कधी विचारलेच नाही म्हणून’. माझ्या हातात त्या दिवशी जो आराखडा होता, त्यापेक्षा ही तीन वाक्ये मोलाची ठरली.

आराखड्यांविषयीही थोडे. मध्य प्रदेशात शाळांचे स्वयंमूल्यमापन आणि सुधारणा आराखडा असा मोठा कार्यक्रम झाला. मूल्यमापने झाली, आराखडेही बनले, परंतु काटेकोर अभ्यास केला तेव्हा शिकवण्यात किंवा मुलांच्या निकालात बदल दिसला नाही. तरीही त्याच धर्तीचा, शाळांनी स्वतःला गुण देण्याचा ‘शाळासिद्धी’ कार्यक्रम देशभर आला. आम्हीही सातही क्षेत्रांत स्वतःला गुण दिले आहेत आणि ते उत्तम आहेत.

खडूफळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण माजी केंद्रप्रमुख सरांनी सांगितल्याप्रमाणे मी खरोखर मुलांना वाचायला बसवले. मुख्याध्यापकाच्या खोलीत मुले बावरत होती, म्हणून शेवटी पाण्याच्या टाकीशेजारच्या ओट्यावर बसलो. तिसरी ते पाचवीच्या ८१ मुलांपैकी ३४ मुलांना साधी गोष्ट वाचता आली. ही अपेक्षा होतीच. परंतु सहावी-सातवीत ११ मुले परिच्छेदापाशी थांबली, त्याचा मला धक्का बसला, कारण संस्थेच्या प्रस्तावात ती मुले बसतच नव्हती. त्या अकरांपैकी एक मुलगी वर्गाची नायिका आहे. फळ्यावरचे ती इतक्या सुंदर अक्षरात उतरवते की, तिला वाचता येत नाही हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

ज्येष्ठ सरांशी चहा झाला. त्यांनी माझ्या भांडारखोलीचा इतिहासच सांगितला : गणित पेट्या मार्चमध्ये आल्या होत्या, त्या वर्षी मे महिन्यात चार शिक्षकांच्या बदल्या झाल्या आणि किल्ली कोणाकडे होती हे नव्यांना माहीत नव्हते. वाचनाच्या तासाला ते तयार आहेत, मात्र त्यांची अट अशी की दुपारच्या जेवणानंतरचा तास नको, कारण तेव्हा मुलांइतकीच त्यांनाही झोप येते. अट रास्त आहे. परिपाठ वीस मिनिटांवर आणून आणि पहिली तासिका जोडून तो तास सकाळी काढला आहे व वेळापत्रकात लिहून दर्शनी भागात लावला आहे. सहावी-सातवीची ती अकरा मुले त्याच तासाला खालच्या गटांत न बसता माझ्याकडे बसतील. मोठ्या मुलांना तिसरीच्या मुलांशेजारी बसवणे मला बरे वाटले नाही. तिसरीचा प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तात्पुरत्या शिक्षकासाठी लेखी मांडला आहे, आणि स्वयंसेवकाला त्या वर्गावर पाठवणार नाही असे शिक्षकांसमोर बोललो आहे, म्हणजे मोह झाला तरी लाज वाटेल.

कंपनीला मी पत्र लिहिले की टॅबऐवजी गोष्टींची पुस्तके आणि कपाट द्यावे. त्यांना ते फारसे रुचलेले दिसत नाही, अजून उत्तर नाही. आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर जायला हवेत. वीजबिल, दुरुस्ती आणि खडू-कागद यांतून तीस टॅब सांभाळण्याइतके काही उरणार नाही, हे अध्यक्षांना हिशेब मांडून दाखवले तेव्हा पटले. सेमी-इंग्रजीवर मात्र ते अडून आहेत. एक वर्ष तयारीचे मागून घेतले आहे, ठराव तसा लिहिला आहे, पण पिवळी गाडी तोवर थांबणार नाही असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता आले नाही.

माजी केंद्रप्रमुख

सर, एक लहानशी गोष्ट राहिली. वाचनाच्या तासाचा ठराव झाला असेल तर त्यात ‘मुख्याध्यापक दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक गटातील पाच मुलांचे वाचन स्वतः ऐकतील’ असे एक वाक्य घाला आणि ती नोंद लॉगबुकात न करता एका साध्या दोनशे पानी वहीत ठेवा. लॉगबुक वरिष्ठांसाठी लिहिले जाते, त्यामुळे त्यात सगळे छानच असते. जानेवारीअखेर त्या वहीतली नावे पुढच्या स्तरावर सरकलेली दिसली नाहीत, तर तास बंद करण्याआधी गट कोण घेत आहे आणि तास खरोखर साठ मिनिटांचा भरतो का, हे पाहा. बहुतेक ठिकाणी तो पस्तीसवर आलेला असतो. आणि भांडारखोलीची दुसरी किल्ली शिपायाकडे ठेवा. शिपाई नसेल तर पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे ठेवा, त्यांची बदली होत नाही.